वाड्याचं सांडपाणी: आधी पावसात फिरा, मग खड्डा खणा

मे महिन्यात खणलेला शोषखड्डा कोरडा ठणठणीत असतो. कंत्राटदार आत उतरून दाखवतो, आपण खूश होतो, बिल चुकतं होतं. जुलैत त्याच खड्ड्यात खालून पाणी चढतं आणि संडासात बादली ओतली की पाणी खाली जाण्याऐवजी बुडबुडे काढत वर येतं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, दोन घरांत हे झालं. त्यातलं एक घर आमचं. खड्डा खणत होते तेव्हा शेजारची आजी पायरीवर बसून एवढंच म्हणाली होती, "आरे पुता, पावसांत येवन पळय." (अरे बाळा, पावसात येऊन बघ.) आम्ही तिला चहा दिला आणि काम चालू ठेवलं.

म्हणून हा लेख खड्ड्याच्या मापांपासून सुरू होत नाही. पंचायतीच्या पाणी-स्वच्छता समितीवर तुमचं नाव नुकतंच लागलं असेल, किंवा शहर सोडून गावात घर बांधलं असेल आणि वीस-तीस घरांच्या वाड्याच्या सांडपाण्याचं काय करायचं हा प्रश्न तुमच्या अंगावर पडला असेल, तर कॅलेंडर उलटं धरा: पाहणी जून ते ऑगस्ट, कागदपत्रं दिवाळीपर्यंत आणि बांधकाम डिसेंबरनंतर.

पावसात काय बघायचं

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिमी पाऊस पडतो, सत्तरीत त्याहून जास्त, आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. आपल्या पायाखाली जांभा आहे. जांभा चाळणीसारखा असतो, पाणी त्यातून सरसर खाली उतरतं. पण त्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी शेडीचा, म्हणजे चिकणमातीचा, थर लागतो. तिथे पाणी अडतं, आडवं सरकतं आणि उताराच्या पायथ्याशी झर होऊन बाहेर येतं किंवा एखाद्या विहिरीत उतरतं. वरच्या घराच्या शोषखड्ड्यातलं पाणी हाच रस्ता धरतं. वरच्या घरवाल्याला वाटतं आपला खड्डा छान चालतो, कधी भरत नाही. तो का भरत नाही, ते खालच्या घराची विहीर सांगते.

तेव्हा जुलैत, चार दिवस सलग पाऊस झाल्यावर, छत्री आणि मोजपट्टी घेऊन निघा. प्रत्येक विहिरीत काठापासून पाणी किती खोल आहे ते मोजून लिहा. हेच मोजमाप मे महिन्यात पुन्हा घ्या. आमच्याकडे एका विहिरीत दोन्ही मापांत साडेपाच मीटरचा फरक निघाला. मग वाड्याचा एक हाताने काढलेला नकाशा करा: घरं, विहिरी, झर, पाट, सध्याच्या टाक्या आणि खड्डे, उताराची दिशा. कागद चुरगळला तरी चालेल, पण हा नकाशा पुढच्या सगळ्या भांडणांत कामाला येतो.

प्रत्येक विहिरीपासून सगळ्यात जवळचा खड्डा किती लांब आहे ते पावलांनी नको, टेपने मोजा. भारतीय मानकाप्रमाणे पाणी जिरवण्याची व्यवस्था पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर लांब हवी. हा आकडा साध्या मातीसाठी समजा. भेगाळ जांभ्यात मी तो किमान मानतो, आणि खड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला असेल तर १८ मीटरवरही विश्वास ठेवत नाही. विहिरीचं पाणी तपासून घ्या, तेही पावसात. मे महिन्यातला स्वच्छ अहवाल दाखवून जुलैचं पाणी पिऊ नये.

पाणी किती आणि कसलं

आपल्याकडे पूर्वी न्हाणीचं पाणी माडाच्या आळ्यात जायचं, मोरीचं केळीला. ती व्यवस्था चांगलीच होती, पण तेव्हा पाणी विहिरीतून ओढून आणावं लागे. आता नळ आहे. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर धरतात. घरात वॉशिंग मशीन आणि छपरावर टाकी असली की खरा वापर शंभराच्या आसपास जातो. आळ्यातला माड तोच, पाणी मात्र कितीतरी वाढलं, आणि त्यात साबणाची पावडर.

हिशेब सोपा आहे. १२० माणसं, माणशी १०० लिटर, म्हणजे १२,००० लिटर. त्यातलं साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं: दिवसाला जवळपास १०,००० लिटर. संडासाचं पाणी त्यात थोडंच असतं, बाकी सगळं न्हाणी, मोरी आणि कपड्यांचं. हे दोन प्रवाह घरातूनच वेगळे ठेवता आले तर अर्धं काम झालं. संडासाचं पाणी रोगजंतूंनी भरलेलं. मोरीचं पाणी त्या मानाने सौम्य, पण आपल्या मोरीत मासळी धुतली जाते, नारळाचा रस गाळला जातो, तळणीचं तेल ओतलं जातं. हे तेल पाइपात गोठतं आणि जमिनीतली छिद्रं बुजवतं. म्हणून मोरीच्या तोंडाशी जाळी आणि त्यापुढे तेल अडवणारं छोटं चेंबर हवंच. त्यात पाणी थांबतं, तेल वर तरंगतं आणि खालचं पाणी वाकड्या पाइपातून पुढे जातं. दर आठवड्याला वरची साय काढून ती कंपोस्टात किंवा मातीत पुरायची. कोळंबीची टरफलं जाळीवरच राहायला हवीत.

आता तो हिशेब जो कुणीच करत नाही. एका घराचं छप्पर १०० चौरस मीटर धरा. एका दिवसात १०० मिमी पाऊस झाला, आणि आपल्याकडे तो होतोच, तर त्या एका छपरावरून १०,००० लिटर पाणी उतरतं. म्हणजे अख्ख्या वाड्याच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतकं, एकाच घरावरून. पागोळ्यांचा पाइप किंवा अंगणातला नाला कुणी सोय म्हणून सांडपाण्याच्या चेंबरला जोडला तर कितीही मोठी टाकी बांधा, ती दोन तासांत धुऊन निघेल आणि आतला गाळ पुढे शेतात जाईल. पावसाचं पाणी वेगळं, सांडपाणी वेगळं. ह्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

आणि चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. आमच्या वाड्यावरची नऊ घरं वर्षभर बंद किंवा एखाददुसऱ्या म्हाताऱ्या माणसावर चालतात. चवथीला मुंबईहून, पुण्याहून, आखातातून सगळे येतात. माटोळी (गणपतीवर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायला हात कमी पडत नाहीत, संडास मात्र कमी पडतात. माणसांची संख्या दुप्पट होते, आणि नेमकी तेव्हा, जेव्हा जमिनीत पाणी सगळ्यात वर असतं. सरासरी दिवसासाठी बांधलेली व्यवस्था ह्याच पाच दिवसांत तोंडघशी पडते. माप चवथीचं घ्या.

घरोघरी की एकत्र?

बाहेरून आलेले सल्लागार लगेच एकत्र प्रकल्पाची गोष्ट काढतात. मला विचाराल तर, जिथे घरं सुटी आहेत, परसात जागा आहे आणि विहिरी लांब आहेत, तिथे प्रत्येक घराने आपलं पाणी आपल्या परसात जिरवावं. पाइप कमी, भांडणं कमी. एकत्र व्यवस्था हवी ती दाटीच्या जुन्या वाड्यांत, जिथे भिंतीला भिंत आहे आणि मुंडकाराच्या (भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, जमिनीत राहणाऱ्या कुळाच्या) घराला मागे चार पावलं मोकळी जागा नाही. एकाच वाड्यात दोन्ही चालतं. आमच्याकडे वरची अकरा घरं आपापल्या परसात पाणी जिरवतात, खालची एकोणीस एका पाइपावर आहेत.

परसात पाणी जिरेल का, हे बघायची साधी चाचणी आहे. शोषखड्ड्याच्या नियोजित खोलीवर फूटभर रुंद भोक घ्या, तळाशी थोडी खडी टाका, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी ठेवा आणि पातळी अडीच सेंटिमीटर उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्ध्या तासाच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. अर्धा ते एक तास लागला तर खोल खड्ड्याऐवजी उथळ, लांब चर बरे. तासापेक्षा जास्त लागला तर ते पाणी तिथे जिरवायचा नाद सोडा. आणि मिनिटभरातच गायब झालं, तर हुरळून जाऊ नका. ते भेगेत गेलं. माती त्याला गाळतच नाहीये.

जागा आणि पाण्याची पातळी जुळत असेल तर लहान कुटुंबाला दोन शोषखड्ड्यांचा संडास सगळ्यात स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यात शहाणा. एक खड्डा वापरायचा, दुसरा बंद. पहिला भरला की चेंबरमधला प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा आणि पहिला दोन वर्षं तसाच मिटून ठेवायचा. नंतर आतून निघतं ते कोरडं, बिनवासाचं खत. अट एकच: खड्ड्याचा तळ पावसातल्या सगळ्यात वरच्या पाणीपातळीपेक्षा दोन मीटर वर हवा. ही अट पाळायला काही ठिकाणी संडास चौथऱ्यावर उचलावा लागतो. चार पायऱ्या चढाव्या लागतात म्हणून कुरकुर होते. होऊ द्या.

सेप्टिक टाकी, खरीखुरी

गावात ज्याला सेप्टिक टाकी म्हणतात ती पुष्कळदा तळ नसलेली चिऱ्याची विहीर असते. खरी टाकी चहूबाजूंनी आणि तळाशी बंद असते. पाणी त्यात शांत राहतं, जड गाळ खाली बसतो, साय वर येते आणि मधलं पाणी पुढे जातं. दहा माणसांच्या घराला आतून दोन मीटर लांब, ९० सेंटिमीटर रुंद, आणि पाण्याची खोली दर दोन वर्षांनी उपसायची असेल तर एक मीटर, तीन वर्षांनी उपसायची असेल तर १.४ मीटर. मी नेहमी दुसरं माप सुचवतो, कारण उपसायची आठवण कुणालाच वेळेवर होत नाही. चवथीचे पाहुणेही त्यात सामावतात. टाकीत आडवी भिंत घाला, पहिला कप्पा दोन तृतीयांश. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दोन्ही पाइपांना टी (इंग्रजी T आकाराचा जोड) लावा, नाहीतर वरची साय सरळ पुढे निघून जाते. वायुनळी छपराच्या वर न्या आणि तोंडाला डासांची जाळी बांधा.

प्लास्टर झाल्यावर टाकी काठोकाठ भरून एक दिवस ठेवा. पातळी उतरली तर गळती आहे. गवंड्याला पैसे द्यायच्या आधी ही परीक्षा, नंतर नाही. तयार प्लास्टिकची टाकी बसवत असाल तर पहिल्या पावसाआधी ती पाण्याने भरलेली आणि नीट जखडलेली असू द्या. रिकामी टाकी भूजलाने वर उचलली जाते, होडीसारखी. त्याच कारणाने कुठलीही टाकी भर पावसात उपसायची नाही.

टाकीत काय जाऊ नये ह्याची यादी लांब आहे, पण गोव्यातलं एक कलम खास. मार्च ते मे काजूच्या दिवसांत भाटीवर (दारूभट्टीवर) हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, काढून झाल्यावर जे आंबट पाणी उरतं ते टाकीत ओतू नका. एवढं तीव्र, आम्लधर्मी पाणी एकदम आलं की टाकीतले जिवाणू गारद होतात आणि वास आठवडाभर सगळ्या वाड्याला सांगत सुटतो. ॲसिड आणि फिनेलच्या बाटल्यांचंही तेच. दुकानात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्यांची गरज नाही, ते काम संडास स्वतःच करतो.

सेप्टिक टाकीतून निघतं ते पाणी स्वच्छ नसतं, हे नवख्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. सेंद्रिय भार जेमतेम ३० ते ५० टक्के कमी झालेला असतो, रोगजंतू जवळपास तसेच. ते पाटात सोडायचं नाही.

एकोणीस घरांचा एक पाइप

आमच्या खालच्या वाड्यावर प्रत्येक घराने आपली टाकी ठेवली. एकत्र जातं ते फक्त टाकीतून बाहेर पडणारं पाणी. गाळ घरीच अडल्यामुळे ११० मिमीचा साधा पीव्हीसी पाइप पुरतो, मोठी गटारं खणावी लागत नाहीत. उतार मीटरला एक सेंटिमीटर ठेवला. वळणावर आणि दर काही घरांनंतर झाकणाचं चेंबर. जांभा फोडणं हा सगळ्यात महाग भाग होता, म्हणून पाइपाचा मार्ग ठरवताना आधी जुन्या पायवाटेवर नजर टाका. गावाची पायवाट बहुधा उताराने जाते.

पुढे पाणी एका बंद टाकीत जातं, जिच्यात पाच कप्पे आहेत. प्रत्येक कप्प्यात पाणी खाली उतरतं आणि तळाच्या गाळातून वर चढतं. त्या गाळातले जिवाणू हवेशिवाय जगतात आणि सांडपाण्यातली घाण खातात. वीज लागत नाही, पंप नाही. पाणी त्यात एक दिवस राहील एवढं आकारमान धरा, म्हणजे चवथीला दुप्पट आलं तरी अर्धा दिवस मिळतो. सुरुवातीला शेणकाला किंवा एखाद्या जुन्या टाकीतला थोडा गाळ घालून टाकी चालू करा आणि तीन महिने धीर धरा. जिवाणूंची वसती जमायला तेवढा वेळ लागतो. फेब्रुवारीपर्यंत चालू केली तरच ती पावसाआधी कामाला येते.

शेवटी खडीचा वाफा. पाणी न झिरपणारा तळ, त्यावर ६० सेंटिमीटर खडी, त्यात कर्दळ आणि वेखंड. पाणी खडीच्या पृष्ठभागाखाली पाच-दहा सेंटिमीटर ठेवायचं. दिसता कामा नये, म्हणजे डासांना जागाच नाही. दिवसाला १०,००० लिटर पाणी तीन दिवस थांबवायचं तर खडीतल्या पोकळीचा हिशेब करता साधारण १२५ चौरस मीटर वाफा लागतो, माणशी एक चौरस मीटर धरा. तो एकच न करता दोन करा, म्हणजे एक दुरुस्तीला बंद ठेवता येतो. वाफ्याच्या काठाला बांध घाला, नाहीतर पावसाचं वाहतं पाणी माती आणून खडी बुजवतं. आमचा पहिला वाफा असाच दुसऱ्या पावसात गेला. खडी उपसून धुवायला वाड्यावरचे सतरा जण तीन रविवार राबले.

वाफ्यातून निघालेलं पाणी दिसायला निवळ असतं, तरी पिण्याचं नव्हे, आंघोळीचंही नव्हे. आम्ही ते माड आणि पोफळींना देतो, जमिनीलगत, फवारून नाही. मुळे आणि लाल भाजीला देत नाही. भर पावसात झाडांना पाणी नकोच असतं. तेव्हा ते कुठे जाणार हे आधी ठरवा, आणि ती जागा कुणाच्या झरीच्या वर नको.

जागा, कागद, पैसे

वाफ्याची जागा उताराच्या खालच्या टोकाला लागते, आणि ती जागा नेमकी भाटकाराची, देवस्थानची किंवा कोमुनिदादची (जुन्या गावकरी संस्थेची) निघते. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला सातबारा) काढा, लेखी संमती घ्या. तोंडी "करा हो" पुढच्या पिढीला बंधनकारक नसतं. मग ठराव ग्रामसभेत.

पैशांबद्दल भ्रम नको. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात ५००० पर्यंत लोकसंख्येच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद होती. १२० माणसांच्या वाड्याचे होतात ३३,६०० रुपये. त्यात शोषखड्डे होतील, वाफा नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या बांधील निधीतला अर्धा भाग स्वच्छतेसाठी होता. टप्पे आणि नियम बदलत राहतात, म्हणून पंचायत सचिवाकडे चालू वर्षाचा नियम विचारा. उरलेलं घरटी वर्गणीतून. बंद घरांचीही वर्गणी घ्या. ह्यावर आमच्याकडे दोन सभा गाजल्या. शेवटी मुंबईकरांनीच मान्य केलं, कारण चवथीला तुंबलेला संडास त्यांनीच पाहिला होता.

चालवणं

एक माणूस ठरवा आणि त्याला महिन्याला पैसे द्या. फुकटचं काम दसऱ्यापर्यंत टिकतं. त्याने आठवड्यातून एकदा चेंबरं उघडून बघायची, तुंबलेलं मोकळं करायचं, वाफ्यातलं गवत काढायचं, कर्दळ वर्षातून दोनदा छाटायची आणि वहीत तारीख घालायची. हातमोजे आणि गमबूट समितीने द्यायचे.

पण टाकीत कुणीही उतरायचं नाही. त्यात मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड साठतो. आत गेलेला माणूस एका श्वासात कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने माणसाला अशा धोकादायक सफाईला लावणं गुन्हा आहे. उपसा फक्त टँकरने. म्हणून टाकी बांधतानाच बघा की टँकरचा पाइप तिथवर पोचतो का. आमच्या वाड्यावर गाडी घुमटीपाशी थांबते, पुढे पाखाडी (पायऱ्यांची वाट) आहे, त्यामुळे चार घरांच्या टाक्या मागे न बांधता पुढच्या अंगणात घ्याव्या लागल्या. तुळशीसमोर टाकी नको म्हणून एका वहिनींनी महिनाभर अबोला धरला. मग वृंदावन दोन हात सरकलं. टँकरवाल्याला गाळ कुठे खाली करणार ते विचारा आणि प्रक्रिया प्रकल्पाची पावती मागा. पावती नाही तर पैसे नाहीत. नाहीतर आपल्या वाड्याचा गाळ रात्री दुसऱ्याच्या ओहोळात जातो.

उपशाची वेळ फेब्रुवारी-मार्च. चवथीच्या पंधरा दिवस आधी मात्र सगळी तेल-चेंबरं साफ करा, वाफ्याचा बांध बघा आणि विहिरींचं पाणी तपासायला द्या. अहवाल वाड्याच्या मांडावर, सगळे जमतात तिथे, लावा, चांगला असो की वाईट. आमच्या खालच्या विहिरीचा अहवाल पहिली दोन वर्षं वाईटच आला. तिसऱ्या वर्षी वरच्या अंगाचा एक जुना बिनतळाचा खड्डा सापडला, गोठ्याच्या मागे, नकाशात कुणी दाखवलाच नव्हता. त्याचं पाणी आता पाइपात आहे. आजी मात्र अजून उकळूनच पिते.